कार्टूनच्या आवाजामागचा कलाकार भेटणार असेल तर: सही, फोटो, आवाज आणि बाकीची तयारी (ठाणे-नवी मुंबई)

विटावा_नाका

वाशीला सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात कॉमिक-ॲनिमे-कार्टूनवाल्यांचं कन्व्हेन्शन आहे असं कळलं की तेच प्रश्न दहा धाग्यांत विखुरतात. सही कशावर घ्यायची, मार्कर कुठला न्यायचा, 'तो आवाज काढा ना' म्हणावं की नाही, रेकॉर्डिंग चालतं का, ठाण्याहून गाडी कुठली. जाणकारांनी इथे लिहा, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक देऊन मोकळं होता येईल. कॉस्प्ले, गेमिंग आणि खरेदीचे धागे वेगळे आहेत, ते इकडे आणू नका ही विनंती.

पहिली भर घालतो. प्रवेशाचं तिकीट म्हणजे भेटीचं तिकीट नव्हे. बहुतेक ठिकाणी तीन गोष्टी वेगळ्या असतात: हॉलमध्ये शिरणं, सहीचं टोकन आणि फोटोचं टोकन. मंचावरच्या गप्पा प्रवेशात धरलेल्या असतात, पण खुर्च्या आधी येईल त्याला. टोकन कधी ऑनलाइन वेळेसकट मिळतं, कधी हॉल उघडल्यावर मनगटावर पट्टी बांधतात. आयोजकांच्या पानावर 'साइनिंग' आणि 'मीट अँड ग्रीट' हे शब्द वेगवेगळे वापरलेत का ते बघा. वेगळे असतील तर एकात दुसरं मिळेल असं धरून चालू नका.

आणि रांग 'बंद' होते. कलाकार चारला उठणार असेल तर तीनच्या आसपास स्वयंसेवक रांगेच्या शेपटाला उभा राहतो आणि मागच्यांना परत पाठवतो. वेळापत्रकातली शेवटची वेळ ही रांगेत उभं राहायची वेळ नसते. ही एक गोष्ट न कळल्यामुळे सगळ्यात जास्त लोक हात हलवत घरी जातात.

आवाजघर

चांगला धागा. सहीच्या आधी एक पायरी राहतेय: आपण ज्यांना भेटणार ते नक्की कोणाचा आवाज आहेत?

आपल्याकडे टीव्हीवर डबिंग कलाकारांची नावं क्वचितच झळकतात. त्यामुळे चाहत्यांनी लिहिलेल्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि चुकाही तशाच उतरतात. खात्री करायची तर कलाकाराच्या स्वतःच्या अधिकृत खात्यावर जा, तिथे काय दावा केलाय ते बघा.

काही नावं पक्की आहेत. हिंदी डोरेमॉनचा आवाज म्हणजे सोनल कौशल. छोटा भीमसाठीही त्यांनी आवाज दिलाय. मोटू आणि पतलू, दोघंही सौरव चक्रवर्ती. निंजा हातोडी आणि नॉडीला आपल्या मेघना एरंडे. हिंदी बेन टेन म्हणजे संकेत म्हात्रे.

याचा प्रत्यक्ष उपयोग असा. मोटू-पतलूचं एकत्र पोस्टर असेल तर दोन सह्यांसाठी दोन कोपरे मोकळे सोडायचं कारण नाही. एकच सही आणि खाली दोन्ही पात्रांची नावं लिहून मागा. उलट, एकाच पात्राला वर्षानुवर्षं वेगवेगळ्या लोकांनी आवाज दिलेला असतो. जपानी डोरेमॉनच घ्या. १९७९ पासून २००५ पर्यंत नोबुयो ओयामा, त्यानंतर वासाबी मिझुता. जुन्या मालिकेचं चित्र नव्या कलाकारापुढे सरकवलं तर समोरचा माणूस हसून सही करेल, पण ती सही भलत्याच कामावर पडेल. चित्र निवडण्याआधी हंगाम आणि वर्ष बघून घ्या.

नेरुळची_नमू

सहा वर्षांच्या मुलाला न्यायचं आहे, डोरेमॉनवेडा आहे. अशा मुलांचं तिथे काय होतं? काही खास तयारी?

आवाजघर

नमू, या वयात घोळ एकच होतो. चेहरा आणि आवाज जुळत नाही. समोर एक बाई बसल्यात, निळं मांजर कुठेच नाही. मूल गोंधळतं, गप्प होतं, मागचे लोक चुळबुळ करायला लागतात आणि तुमचं मिनिट संपतं. म्हणून आधी घरी त्या कलाकाराचा डबिंग करतानाचा एखादा व्हिडिओ दाखवा. तोंड हलतंय आणि ओळखीचा आवाज येतोय हे मुलाने एकदा पाहिलेलं असलं की अर्धं काम झालं.

टेबलापाशी पोचल्यावर 'आवाज काढून दाखवा' असं मोघम म्हणू नका. 'त्या आवाजात याला नावाने हाक माराल का?' असं विचारा. एका हाकेचं काम आहे, घशाला त्रास नाही आणि मुलाला जे हवंय ते नेमकं तेच आहे. हाक मारताना मुलाला डोळे मिटायला सांगा. चेहरा दिसत नसला की कान लगेच ओळखतात.

बाकी, रांगेत शिरायच्या आधी शू आणि पाणी. रांग मोडून गेलात तर जागा धरून ठेवायची की नाही हे स्वयंसेवकाच्या मर्जीवर असतं. दोन मोठी माणसं असतील तर एकाने रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्याने मुलाला हॉलमध्ये फिरवायचं. मात्र हे स्वयंसेवकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी 'मध्ये घुसले' म्हणून वाद होतात.

टाक_आणि_बोरू

आता सहीच्या सामानाबद्दल. हा भाग लांबणार आहे.

सही कशावर घ्यायची याचं सोपं उत्तर: सपाट, कडक, फिकट रंगाची मोकळी जागा असलेली वस्तू. छापील चित्र सगळ्यात बिनधोक. आठ बाय बारा इंच चित्रासाठी फाइल २४०० × ३६०० पिक्सेल हवी, म्हणजे ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) मिळतं. चित्र मांडतानाच एका कोपऱ्यात साधारण आठ बाय पाच सेंटीमीटरची फिकट जागा सोडा. पात्राच्या चेहऱ्यावरून सही गेली की चित्रही गेलं आणि सहीही दिसत नाही.

कागद लस्टर (अर्धवट चकाकीचा) किंवा मॅट घ्या. ग्लॉसी नको. ग्लॉसीवर बोटांचे तेलकट ठसे बसतात, त्या जागी शाई धरत नाही आणि सही मध्येच तुटते. ग्लॉसीच असेल तर रांगेत मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसून घ्या आणि कडांनीच धरा. बॉलपेन ग्लॉसीवर घसरतो, वर कागदात चर पडतात. जेलपेन वाळतच नाही, बाजूच्याच्या कोपराने फासला जातो.

प्रिंट कुठून काढताय यावरही बरंच आहे. फोटो लॅबमधली खरी फोटो प्रिंट सगळ्यात टिकाऊ. झेरॉक्सवाल्याकडची लेझर प्रिंट चालते, पण तिथे टोनरचा थर कागदावर बसलेला असतो. घडी पडली की पापुद्रा निघतो, सहीसकट. घरच्या इंकजेट प्रिंटवर पाण्यावर आधारित मार्कर, म्हणजे पोस्कासारखा, चालवला तर खालचा रंग विरघळून सहीत मिसळू शकतो.

मार्कर. फिकट पृष्ठभागावर काळा किंवा निळा शार्पी (पक्क्या शाईचा मार्कर), बारीक टोकाचा. आपला साधा सीडी मार्करही बरा चालतो. गडद पोस्टरवर तेलाधारित पेंट मार्कर: युनी पेंटचा पीएक्स-२१ बारीक, पीएक्स-२० मध्यम. रंग चंदेरी किंवा पांढरा. चंदेरी शार्पी गुळगुळीत काळ्यावर कधी कधी थेंबाथेंबाने गोळा होतो, त्यापेक्षा पेंट मार्कर बरा.

पण पेंट मार्करला शिस्त लागते. टोपण लावून हलवायचा, आतल्या गोळीचा आवाज येईपर्यंत. मग भंगार कागदावर टोक दाबून रंग खाली आणायचा. हे टेबलावर करायचं नाही, रांगेत पुढे चार माणसं उरली की करायचं. कलाकाराच्या हातात कोरडा मार्कर दिला की तो चित्रावरच दाबतो आणि भदकन ठिपका पडतो. सगळे फसलेले पोस्टर असेच फसतात.

आणखी एक. दोन मार्कर न्या, दोन्ही घरी त्याच कागदाच्या तुकड्यावर चालवून बघितलेले. टेबलावर आयोजकांचे मार्कर असतातच, पण दुपारपर्यंत त्यांची टोकं चपटी झालेली असतात.

शाईचा_डाग

बोरूदादांच्या म्हणण्याला बरंचसं अनुमोदन, पण पेंट मार्करवरून थोडं भांडतो.

रांगेत गर्दी असताना, वाशीच्या दमट हवेत, तेलाधारित रंग हाताला वाळला असं वाटायलाच काही मिनिटं लागतात आणि जाड रेघ त्याहून उशिरा. तोपर्यंत ते चित्र हातात सपाट धरून चालायचं, गर्दीतून. नवख्याने हे करू नये. त्याने फिकट रंगाचं चित्र छापावं आणि काळा शार्पी न्यावा. शार्पी पटकन वाळतो. गडद पोस्टरचा हट्ट नवशिक्याने का धरावा?

आणि ग्लॉसीवर बेबी पावडर हलकेच चोळून पुसायची जुनी युक्ती कोणी कशी लिहिली नाही? तेलकटपणा जातो, शाई धरते. घरी करा, हॉलमध्ये नाही. काळ्या कपड्यांवर पावडर दिसते.

टाक_आणि_बोरू

डागसाहेब, वाळण्याचा मुद्दा मान्य. पण शार्पीचा रंग उन्हात उडतो, पेंट टिकतो. भिंतीवर लावायचं असेल तर पेंट, फाइलमध्ये ठेवायचं असेल तर शार्पी, असं म्हणू. पेंटवाल्यांनी चित्राहून थोडं मोठं कडक पुठ्ठ्याचं झाकणवालं खोकं न्यावं, झाकण कागदाला न टेकणारं. मिठाईचा चपटा खोका चालतो, फक्त तुपाचा डाग नको.

मासुंदा

पुठ्ठा-कागद सोडून बाकी वस्तूंचं काय? विनाइलची खेळणी, बाहुले, टीशर्ट?

टाक_आणि_बोरू

विनाइल: मऊ विनाइलवर साध्या परमनंट मार्करची सही आज सुंदर दिसते, पण शाई हळूहळू प्लास्टिकमध्ये पसरते आणि काही वर्षांनी रेघा फुगलेल्या दिसतात. विनाइलवर पेंट मार्करच, आणि तोही तळपायावर किंवा पाठीवर, जिथे हात कमी लागतो. खोक्यातलं खेळणं असेल तर खोक्यावरच घ्या, पारदर्शक खिडकीवर नको. ती खिडकी वाकते आणि रंगाचे टवके उडतात.

कापडी बाहुल्यांवर थेट सही म्हणजे नुसता गोंधळ. केस आडवे येतात, टोक अडकतं. पांढऱ्या जाड सुती कापडाचा सहा इंचांचा चौकोन घ्या, भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून बसवा आणि कापडावरच्या मार्करने त्याच्यावर सही घ्या. नंतर तो कापून बाहुल्याच्या पायाला शिवा. टीशर्टच्या आत पुठ्ठा सरकवा, नाहीतर शाई पाठीपर्यंत जाते. टीशर्ट अंगात असताना पाठीवर सही मागू नका. कलाकाराला उठावं लागतं आणि रांग थांबते.

कोपरी_पूल

नावाचं लिहून न्या. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरलं जाणारं काम. चिकटचिठ्ठीवर ठळक अक्षरात, देवनागरी आणि रोमन दोन्हीत: 'ओवीसाठी' किंवा 'शौनकसाठी'. ती चिठ्ठी जिथे सही हवी त्याच्या शेजारीच लावा, म्हणजे नाव आणि जागा दोन्ही एकदम कळतात. हॉलमध्ये इतका गोंगाट असतो की 'शौनक'चं 'सोनक' होणारच, आणि एकदा लिहिलं की खोडता येत नाही. स्पिरिटने शार्पी निघतो म्हणतात, निघतोही, पण सोबत खालची छपाई पण निघते.

पात्राचा एखादा संवाद लिहून हवा असेल तर तोही चिठ्ठीवर, चार शब्दांच्या आत. काही कलाकार संवादाचे वेगळे पैसे घेतात, टेबलावरची पाटी वाचा. पैशाचं म्हणाल तर हॉलमध्ये हजारो फोन एकाच टॉवरवर असतात, यूपीआय गोल गोल फिरत राहतं. पाचशे आणि शंभरच्या नोटा न्या.

घणसोलीची_घार

आवाजाच्या रेकॉर्डिंगबद्दल कोणी लिहिलं नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा डोरेमॉनच्या आवाजात रेकॉर्ड करून मागितल्या तर देतात का?

आवाजघर

कोणी देतं, कोणी नाही, आणि नाही म्हणणारा कलाकार आखडू नसतो.

पात्राचे हक्क स्टुडिओकडे किंवा वाहिनीकडे असतात, कलाकाराकडे नाही. त्या आवाजात दुकानाची जाहिरात, शाळेचं आमंत्रण, राजकीय घोषणा असं काही रेकॉर्ड झालं तर करारभंगाचा प्रश्न येऊ शकतो. साध्या शुभेच्छांना बरेच जण तयार असतात, पण एकदा फाइल गेली की ती कुठे कापून जोडली जाईल ते त्यांच्या हातात राहत नाही. वर आता एआय आलंय. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजीत सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, त्यात त्यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याला मनाई होती. ते प्रकरण गायकाचं, पण ज्यांची रोजीरोटीच आवाज आहे ते सगळे सावध झालेत. अर्ध्या मिनिटाचा स्वच्छ नमुना नकलेसाठी पुरतो, हे त्यांना तुमच्याआधी माहीत आहे.

म्हणून आधी विचारा, फोन वर करण्याच्या आधी. 'फक्त घरच्यांसाठी, नेटवर टाकणार नाही' हे खरं असेल तरच म्हणा. नाही म्हटलं तर दुसरी मागणी: स्वतःच्या साध्या आवाजात शुभेच्छा आणि शेवटी पात्राचा एकच शब्द. बऱ्याचदा यावर हो मिळतो.

हो मिळाला तर तांत्रिक बाजू. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मधेच फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. फोनचा माइक खालच्या कडेला असतो, ती कडा कलाकाराच्या तोंडापासून वीतभर, पण थोडी बाजूला. समोर धरली की 'प' आणि 'भ'ला हवेचा फटका बसतो. टेबलाची बाजू अशी निवडा की स्पीकर शक्य तेवढा लांब राहील. आणि अंगठ्याने माइकचं भोक झाकलेलं नाही ना ते बघा. हसू नका, हे फार होतं.

घशाबद्दलही एक. डबिंगमध्ये किंकाळ्या, आरोळ्या, मारामारीचे हुंकार शक्यतो सत्राच्या शेवटी घेतात, कारण त्यानंतर आवाज बसतो. कन्व्हेन्शनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, गोंगाटावर मात करत शेकडो लोकांशी बोलून झालेल्या माणसाकडे 'ती किंकाळी एकदा' मागू नये. हाक मागा, हसू मागा, कुजबुज मागा.

विटावा_नाका

वाखूसा (वाचनखूण साठवली). मंचावरच्या प्रश्नोत्तरांबद्दलही लिहाल का? तिथे माइक हातात आला की लोक 'तुम्ही खूप छान काम करता'वर संपतात.

आवाजघर

प्रश्न चांगला पडायचा तर काम कसं चालतं ते थोडं माहीत हवं.

ढोबळमानाने तीन पद्धती. भारतात किंवा अमेरिकेत मूळ बनणाऱ्या मालिकेत साधारणपणे आवाज आधी होतो आणि ॲनिमेटर त्यावर तोंड हलवतो. तिथे कलाकार लय ठरवतो. जपानमध्ये चित्र निदान कच्च्या रूपात आधी असतं आणि कलाकार पडद्याकडे बघत बोलतात. याला तिकडे 'अफुरेको' म्हणतात. आणि आपलं डबिंग: चित्र पूर्ण, मूळ भाषेतला आवाज कानात, पडद्यावर टाइमकोड (चालू वेळेचे आकडे), आणि कलाकार बूथमध्ये बहुधा एकटा. जे दोघं पडद्यावर वर्षानुवर्षं भांडतात, त्यांचे कलाकार त्या मालिकेच्या निमित्ताने एकदाही भेटलेले नसणं यात नवल नाही.

डबिंगमध्ये ओठ कुठे मिटतात ते सगळ्यात महत्त्वाचं. चित्रात ओठ मिटले की संवादातही तिथे प, ब, भ, म पैकी काहीतरी यावं लागतं, नाहीतर डोळ्याला खटकतं. जपानीवरून हिंदी किंवा मराठी करताना एक सोय आहे: क्रियापद तिकडेही शेवटी, आपलंही शेवटी. पात्र वाक्याच्या शेवटी दचकत असेल तर दचकायला लावणारा शब्द बहुधा त्याच जागी बसतो. इंग्रजीवरून करताना वाक्य उलटंपालटं करावं लागतं आणि हावभाव एका शब्दावर, अर्थ दुसऱ्यावर अशी ओढाताण होते.

तिसरी गोष्ट, जी बाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. डबिंग करणाऱ्यांना संगीत आणि बाकीचे आवाज असलेला वेगळा ट्रॅक मिळतो. दार वाजणं, स्फोट वगैरे त्यात असतं, पण पात्राचा श्वास, उसासा, गिळणं, ठसका मूळ संवादाच्या ट्रॅकवर असतो आणि तो ट्रॅक काढून टाकलेला असतो. म्हणजे डोरेमॉन डोरायाकी (त्याचा आवडता गोड खाऊ) खातो तेव्हाचं मचमच सुद्धा इथे नव्याने करावं लागतं.

आता यातून प्रश्न काढा. 'मोटू आणि पतलू एकाच प्रसंगात भांडतात तेव्हा सलग घेता की एकाचे सगळे संवाद आधी?' किंवा 'खाण्याचे आवाज करताना तोंडात खरंच काही असतं का?' 'शब्द ओठांवर बसत नसेल तर बूथमध्ये बदलायची मुभा किती?' असल्या प्रश्नाला कलाकार खुर्चीत पुढे सरकून उत्तर देतात, कारण रोजच्या कामाचं कोणीतरी विचारलेलं असतं. मानधन, अमुक कलाकाराला का काढलं, कोणाचा आवाज सरस, हे तीन विषय टाळा. पहिल्या दोनांवर ते बोलू शकत नाहीत आणि तिसऱ्यावर बोलू इच्छित नाहीत.

प्रश्न एका श्वासात संपेल एवढाच. माइक हातात आल्यावर नाव, गाव, शाळा सांगत बसलात तर सूत्रसंचालक काढून घेतो आणि ते योग्यच आहे.

मासुंदा

एक भर: सौरव चक्रवर्तींनी 'ऑगी अँड द कॉक्रोचेस' या मालिकेच्या हिंदी रूपात ऑगीला शाहरुखच्या ढंगात आवाज दिला. मुळात ती मालिका जवळजवळ बिनसंवादाची. म्हणजे ओठ जुळवायचा प्रश्नच नाही, सगळे संवाद इथेच रचलेले. त्यांना प्रश्न विचारायचा तर हा: शांत प्रसंगावर संवाद किती भरायचा आणि कुठे थांबायचं हे कोण ठरवतं?

आवाजघर

वा. हा विचाराच कोणीतरी.

तुर्भे_जंक्शन

प्रवासावर आलो. ठाण्याहून फलाट नऊ-दहा, ट्रान्स-हार्बर. पाटीवर वाशी असेल तीच गाडी. पनवेल आणि नेरुळच्या गाड्या तुर्भ्यानंतर जुईनगरकडे वळतात, सानपाडा-वाशी घेत नाहीत. चुकून बसलात तर तुर्भ्याला उतरा आणि मागची वाशी लोकल घ्या. तुर्भेही हुकलं तर जुईनगरला उतरून हार्बरची सीएसएमटीकडे जाणारी गाडी, दुसरं स्टेशन वाशी.

रविवार असेल तर शनिवारी मेगाब्लॉक बघाच. ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक असला की साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार गाड्या बंद, म्हणजे नेमकी सह्यांची वेळ. अशा दिवशी ब्लॉक सुरू व्हायच्या आधीची गाडी पकडून पोचा. उशीर झाला तर कुर्ल्याला बदलून हार्बरने या, अर्थात हार्बरवर पण ब्लॉक नसेल तर. ठाणे-बेलापूर रस्त्याने बस आहेतच, पण पावसाळ्यात विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की तो रस्ता विसरा, ऐरोलीवरून फिरा.

वाशी स्टेशनातून इनऑर्बिट-रघुलीला मॉलच्या बाजूने बाहेर पडायचं. केंद्र सेक्टर ३०-अ मध्येच आहे, चालत जाण्याएवढं. गुंडाळलेलं पोस्टर लोकलमध्ये नळीत घालूनच न्या, आणि परतीची गाडी वाशीवरूनच सुटते याचा फायदा घ्या: गर्दी दिसली तर एक सोडा, पुढच्या रिकाम्या गाडीत खिडकीशी बसा. सही ओली असेल तर हे कराच.

कोपरी_पूल

फोटोचं थोडक्यात. कलाकाराच्या मागे उजेडाचा बॅनर असतो, त्यामुळे चेहरे काळे येतात. फोन हातात देण्याआधी चेहऱ्यावर बोट दाबून उजेड वाढवून ठेवा. लेन्स पुसा, दिवसभर खिशात घामट झालेली असते. कॅमेरा उघडून, फोन आडवा करून स्वयंसेवकाकडे द्या आणि 'बटण चार-पाचदा दाबा' सांगा, म्हणजे एकाऐवजी बरेच फोटो निघतात. पोर्ट्रेट मोड नको, चष्म्याच्या कडा आणि हातातलं पोस्टर धूसर करतो. सहीच्या रांगेत फोटो चालतो का हे पाटीवर लिहिलेलं असतं. नसेल तर विचारा. खांद्यावर हात टाकायचा असेल तरीही विचारा.

घणसोलीची_घार

जपानी कलाकार येणार असतील तर काही वेगळं?

शाईचा_डाग

थोडं. त्यांच्या एजन्सी बऱ्याचदा फोटो आणि रेकॉर्डिंग दोन्हीला साफ मनाई करतात, तिथे हुज्जत घालू नये. सही तिकडे 'शिकिशी' नावाच्या कडक कार्डावर घेतात, २४.२ बाय २७.२ सेंटीमीटर. इथे मिळालं नाही तर ३०० जीएसएमचा आयव्हरी कार्डशीट त्याच मापाचा कापून घ्या. आपलं नाव काताकानात (परकी नावं लिहायची जपानी लिपी) लिहून नेलंत तर दुभाष्याचं काम वाचतं. कलाकाराला हाक मारायची तर आडनाव आणि मागे 'सान'. पात्राच्या नावाने हाक मारू नका.

नेरुळची_नमू

भेटवस्तू? आणि घरी आल्यावर सही कशी जपायची? आमच्या इमारतीत पावसाळ्यात भिंतींना ओल येते.

टाक_आणि_बोरू

खाऊ नको. अनोळखी माणसाकडचं खाणं कलाकार घेत नाहीत, घेतलं तरी खात नाहीत. काचेचं, जड, मोठं नको, त्यांना विमानाने जायचं असतं. मुलाने काढलेलं चित्र, ए-फाइव्ह मापाचं, मागे नाव आणि वय. बस.

सही जपायची तर पहिले चोवीस तास प्लास्टिकमध्ये घालू नका, पंख्याखाली उघडी ठेवा. नंतर पॉलीप्रॉपिलीनचं पाकीट. वास येणारं मऊ पीव्हीसीचं पाकीट नको, शाई त्याला चिकटते. फ्रेम करायची तर काच आणि कागद यांच्यामध्ये मिलीमीटर-दोन मिलीमीटरचा आम्लविरहित माउंट बोर्ड हवाच. कागद काचेला टेकला की पावसाळ्यात चिकटतो आणि सोडवताना सही काचेवर राहते. शक्य असेल तर काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक.

ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर अजिबात नको, आतल्या खोल्यांमधल्या भिंतीवर लावा, थेट ऊन आणि ट्यूबलाइटपासून लांब. फ्रेमच्या मागच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, मागून हवा खेळती राहते. जूनच्या आधी कपाटातल्या फाइलमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, महिन्याने बदला.

नेरुळची_नमू

धन्यवाद बोरूदादा. पायाला शिवलेला सहीचा चौकोन असलेलं बाहुलं धुता येतं का? मुलगा ते घेऊन झोपणार, हे उघड आहे.

टाक_आणि_बोरू

शिवण्याआधी चौकोन सुती कापडाखाली ठेवून, वाफेशिवाय, मार्करवर लिहिलं असेल तेवढा वेळ इस्त्री करा, रंग पक्का होतो. नंतर थंड पाण्यात, हाताने, सौम्य साबणाने. मशीनमध्ये नाही. चौकोनाची शिवण सुटी धावदोऱ्याची ठेवलीत तर धुण्याआधी उसवून बाजूला काढता येतो, ते सगळ्यात बरं.